सावलीला नोकरी, मग बिऱ्हाड कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिक सोडून जानेवारीत बडोद्याला यायचं, कारखाना सावली गावाकडच्या रस्त्यावर, मंजुसर जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी म्हणा). घरात तुम्ही, घरूनच अकाउंट्सचं काम करणारी बायको, पुढच्या जूनमध्ये पहिलीत जायची असलेली मुलगी, आणि गुडघे दुखणारी, थोडा दमा असलेली आई. भाड्याची तयारी १८,००० पर्यंत. कंपनीतल्या एकाने वासणा-भायली सुचवलं, दुसऱ्याने मंजुसरलाच राहा म्हटलं, साडूंनी वाघोडिया रोड सांगितला. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, बडोद्यात फॅमिलीसाठी सगळ्यात सेफ एरिया कुठला?

एका शब्दात हवं असेल तर घ्या: न्यू समा. पण हे ऐकून तुम्ही थेट टोकन द्यायला निघालात तर माझी झोप उडेल. कारण त्याच समामध्ये असे दोन रस्ते मला माहीत आहेत की एकावर माझ्या लेकीला मी डोळे मिटून राहू देईन, आणि दुसऱ्यावर तळमजला फुकट दिला तरी घेऊ देणार नाही. दोन्हीकडे भाडं जवळपास सारखंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी दांडिया बाजारात वाढलेली. आधी ११ वर्षं मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत अ‍ॅडमिनमध्ये होते. बाहेरगावाहून रुजू होणाऱ्यांना घरं बघून देणं माझ्याकडे असायचं. पुढे तोच धंदा केला, त्यालाही १५ वर्षं झाली. दलालच आहे मी, त्यामुळे माझं बोलणं दलालाचं म्हणून थोडं चाळून घेतलंत तरी राग नाही.

तुमचा प्रश्न वाचताना एक गोष्ट खटकली. घरात माणसं चार, आणि प्रश्नात पत्ता एकाचाच, तुमचा. मंजुसरपासून किती किलोमीटर, किती मिनिटं, पेट्रोल किती. तुम्ही सकाळी सातला निघणार आणि संध्याकाळी सातला येणार. घर, गल्ली, कोपऱ्यावरचं दुकान हे सगळं दिवसभर वापरणार त्या तिघी. मुलगी व्हॅनची वाट बघत गेटपाशी उभी राहणार, आई उन्हं उतरल्यावर पाय मोकळे करायला निघणार, बायको दुपारी अ‍ॅक्टिव्हावरून बँकेत आणि भाजीला जाणार. तुमच्या जाण्यायेण्याचा त्रास किती ते सांगता येतं, मोजता येतं, म्हणून सगळे तोच मोजत बसतात. घर मात्र जे घरी राहतात त्यांच्यासाठी बघायचं असतं.

तरी तुमच्या प्रवासाचं आधी उरकून टाकू. उद्याच एचआरला फोन करा आणि कंपनीची बस आहे का ते विचारा. असेल तर पिक-अप पॉइंटची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. बडोद्यात कारखान्यांच्या बसगाड्या भल्या पहाटेपासून ठरलेल्या सर्कलवर माणसं गोळा करत फिरतात. बसने जाणाऱ्याला कारखाना १५ किलोमीटरवर आहे की २५, याने फारसं बिघडत नाही, तेवढी झोप बसमध्येच होते. पिक-अप पॉइंट घरापासून ४०० मीटरवर आहे की दोन किलोमीटरवर, याने बिघडतं. दोन किलोमीटर असले की पहाटे दुचाकी काढायची, ती दिवसभर कुठेतरी लावून ठेवायची, आणि सेकंड शिफ्ट असेल तर रात्री परत तीच शोधायची.

बस नसेल तर समा-सावली रस्त्याने उत्तरेला निघायचं, दुमाड चौकडीला (चौकडी म्हणजे इथला मोठा चौक) हायवे ४८ गाठायचा आणि पलीकडे सावली रस्ता धरायचा. समाहून मंजुसर साधारण १५ किलोमीटर पडतं, चारचाकीने अर्ध्या तासाचं काम. दुमाडला अवजड गाड्यांची ये-जा रात्रभर असते. तिथून रोज दुचाकीने जाऊ नका. इथे माझं मत पक्कं आहे, त्यावर वाद घालणार नाही.

आता तिन्ही सूचना. वासणा-भायली चांगलंच आहे. रस्ते रुंद, सोसायट्या नव्या, शाळा भरपूर. पण ते शहराचं पश्चिमेचं टोक आणि तुमचा कारखाना उत्तरेच्या अंगाला. रोज सबंध गाव ओलांडून जायचं आणि यायचं. ज्यांनी सुचवलं त्यांचं तिकडे स्वतःचं घर असणार, विचारून बघा. वाघोडिया रोडचं साडूंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, भाडी बेताची आणि वस्ती भरलेली. पण तो भाग वाघोडिया जीआयडीसीत किंवा हालोलला जाणाऱ्यांना जास्त सोयीचा. तुम्हाला हायवेवरून गोल्डन चौकडीवरून वर यावं लागेल. मंजुसरला एकट्या माणसाने खोली घेऊन राहावं. दमेकरी आई आणि लहान मुलगी घेऊन कारखान्यांच्या गराड्यात राहायचं काही कारण नाही. (सावली नाव ऐकून नाशिकचा माणूस झाडं शोधतो. मे महिन्यात या, मग सांगा कितपत सापडली.)

तेव्हा उरतात समा, न्यू समा, समा-सावली रस्त्याच्या आजूबाजूच्या सोसायट्या, हरणी आणि न्यू व्हीआयपी रोड, कारेलीबाग, आणि पलीकडे निझामपुरा-छाणी. या सगळ्यांतून तुमचं घर निघेल. कुठलं, ते पाणी ठरवेल.

बाहेरून येणारा माणूस सुरक्षित म्हणताना चोऱ्यामाऱ्या डोळ्यांपुढे आणतो. मी बडोद्यात सुरक्षित म्हणते तेव्हा आधी विश्वामित्रीचा विचार करते. ही नदी पावागडाकडून येते आणि शहराच्या मधून सापासारखी वळणं घेत जाते. तिच्यात मगरी आहेत, हे तुम्ही ऐकलंच असेल. वर आजव्याचं सरोवर आहे, सयाजीराव महाराजांच्या काळात शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. ते भरलं की जादा पाणी नदीत येतं. म्हणजे शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. शिवाय शहरात जुने नैसर्गिक नाले आहेत, त्यांना इथे कांस म्हणतात: भुखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस. नदी फुगली की कांसचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे वस्तीत शिरतं. त्यामुळे 'नदी इथून दीड किलोमीटर लांब आहे' हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं तर लगेच विचारा, 'आणि कांस?'

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस आणि वरून आलेलं पाणी मिळून नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण पंचवीस-सव्वीस फुटांवर आहे, यावरून अंदाज करा. समा, कारेलीबाग, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, सगळीकडे कुठे ना कुठे पाणी होतं. कारेलीबागेत एका गल्लीत कंबरभर आणि चार गल्ल्या सोडून रस्ता कोरडा, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून एरियाचं नाव घेऊन मला कोणी विचारलं की मी सोसायटीचं नाव, मजला आणि गेट कुठल्या दिशेला ते विचारते.

माझी एक चूक सांगते. २०१९ च्या मे महिन्यात एका कुटुंबाला मी नदीकडच्या एका सोसायटीत तळमजला दिला. आजींचे गुडघे तुमच्या आईंसारखेच, म्हणून लिफ्ट नको, पायऱ्या नकोत, पुढे छोटं अंगण. सगळ्यांनी मला दुवा दिला. जुलैच्या त्या रात्री पाणी आत आलं तेव्हा आजी जेवणाच्या टेबलावर बसून होत्या, मांडीवर देवांचा डबा. सकाळी वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्याने नेलं. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी मात्र त्यानंतर नदीच्या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसासाठी तळमजला दाखवलेला नाही.

मग आईंना पाचवा मजला द्यायचा, लिफ्ट आहेच, असं तुम्ही म्हणाल. तिथेही अडचण आहे. पाणी भरलं की विजेचा अपघात होऊ नये म्हणून सप्लाय बंद करतात, आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी गेलं की वीज आल्यावरही लिफ्ट चालू होत नाही. २०२४ मध्ये कितीतरी इमारतींत दोन-तीन दिवस असंच होतं. इन्हेलर संपला, औषध आणायचं झालं, तर पाच मजले चढउतार. माझं गणित असं: खाली हॉलो प्लिंथ, म्हणजे पिलरवरचं मोकळं पार्किंग, आणि वर पहिला मजला, फार तर दुसरा. लिफ्ट हवी, पण ती नसताना आई कठड्याला धरून हळूहळू उतरू शकल्या पाहिजेत. घर बघायला जाल तेव्हा आईंना सोबत न्या आणि एकदा जिना चढायला लावा. बंगला किंवा टेनामेंट (इथे छोट्या स्वतंत्र घराला म्हणतात) आवडलं तर जोतं रस्त्यापासून किती वर आहे ते आधी बघा. नुसतं डोळ्यांनी नको, पायऱ्या मोजा.

पाण्याच्या खुणा कशा ओळखायच्या ते सांगते. गेल्या वर्षी समाकडच्या एका सोसायटीत मालकाने मला तळमजल्याचा फ्लॅट दाखवला. नवा रंग, नवे पडदे, आत शिरताच ऑइलपेंटचा वास. हॉलमध्ये सोफ्यामागे भिंतीवरून हात फिरवला. गुडघ्याच्या वर एक बोटभर पट्टा सगळ्या भिंतीभर आडवा गेलेला, तिथे रंग किंचित फुगीर. दिसत नव्हता, पण बोटाला लागत होता. मग लक्षात आलं की खोलीतले सगळे प्लग पॉइंट छातीच्या उंचीवर आहेत. बाहेर आले तर मीटरची पेटी नव्या लोखंडी अँगलवर चढवलेली, जुन्या बोल्टांची भोकं खाली तशीच. मालकांना विचारलं, "चोवीसमां पाणी क्यां सुधी आवेलुं?" म्हणजे २०२४ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं? ते म्हणाले, "बस, ओटला सुधी." ओटल्यापर्यंत आलेलं पाणी मीटर वर चढवायला लावत नाही. तरी मी काही बोलले नाही, चहा घेतला आणि निघाले.

हाच प्रश्न तुम्ही मालकाला विचारा, दलालाला विचारा (मलाही), पण उत्तर घ्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणि दूधवाल्याकडून. त्यांना घर भाड्याने द्यायचं नसतं. ते हात करून दाखवतात, इथपर्यंत. बेसमेंट पार्किंग असेल तर तिथल्या भिंतीवरची मातकट रेघही बघा, आणि गाडीच्या विम्यात इंजिनाचं वेगळं कव्हर आहे का ते तपासून ठेवा.

रात्रीच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय. बडोदं त्या बाबतीत बरंच निवांत शहर आहे, बायका रात्री उशिरापर्यंत एकट्या गाडीवर दिसतात. पण नवरात्रात येऊन हे ठरवू नका. त्या नऊ रात्रींत पहाटेपर्यंत सगळं गाव रस्त्यावर असतं, तेव्हा तर कुठलीही गल्ली माहेरासारखी वाटेल. एखादा साधा मंगळवार धरा. सकाळी सातला जा, संध्याकाळी सातला जा, आणि रात्री साडेनऊला पुन्हा जा. रात्री ओटल्यावर किंवा बाकड्यावर बायका गप्पा मारत बसल्यात का? मेडिकल उघडं आहे का? मेन रोडपासून गेटपर्यंतच्या पट्ट्यात दिवे लागलेत की दोन प्लॉट रिकामे आणि काळोख? वॉचमन कोण, कुठून आले असं विचारतो की मोबाइलमध्ये मान घालून बसतो? रस्त्यावरची मोकाट गुरं पण बघून ठेवा. संध्याकाळी चालायला निघणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चोरापेक्षा त्यांची भीती जास्त, हे मी थट्टेने म्हणत नाही. बायकोच्या फोनमध्ये बायकांसाठीची १८१ अभयम हेल्पलाइन आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन नंबर घालून ठेवा, मग त्या विषयाची धास्ती घेऊ नका.

'वातावरण चांगलं आहे' हे वाक्य तुम्ही इथे वीस वेळा ऐकाल. त्यातल्या पंधरा वेळा बोलणाऱ्याला शेजारी कोण राहतं, त्यांची जात काय, धर्म काय, हे सांगायचं असतं. दिवे, रस्ता, पाणी यांच्याशी त्याचा संबंध नसतो. मी ते वाक्य कानाआड करते, तुम्हीही करा. त्याच्याच जोडीला येणारा दुसरा प्रश्न मात्र तोंडावर विचारला जाईल: नॉनव्हेज खाता का? तुम्ही काही लिहिलं नाही. खात असाल तर पहिल्या फोनवरच सांगा. लपवून घर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, रविवारी खिडक्या बंद करून, पंखा लावून सुकट भाजणारी. असं राहण्यात सुख नाही. फत्तेगंज, निझामपुरा, कारेलीबाग या बाजूंना चालवून घेणारे मालक भेटतात, थोडं जास्त शोधावं लागतं इतकंच.

आईंच्या दम्यामुळे छाणी आणि निझामपुऱ्याचा वरचा भाग मी शेवटी ठेवला. घरं तिथली चांगली आणि भाडी बरी, छाणीला तर आता छायापुरी स्टेशनही आहे. पण त्या अंगाला बाजव्याचा खत कारखाना, कोयलीची रिफायनरी, पुढे रणोली आणि नंदेसरी. रोज काही होत नाही. हिवाळ्यात पहाटे हवा जड असली की कधीकधी उग्र वास येतो. आम्ही इथलेच, नाक सरावलेलं. दमेकऱ्याला तो लगेच कळतो. तुम्ही जानेवारीत येताच आहात, तर एक रात्र त्या बाजूला मुक्काम करा आणि पहाटे पाचला खिडकी उघडा. आईंना काही झालं नाही तर छाणी यादीत घ्या.

शाळेचं मात्र घराच्या आधी बघा, कारण तुमच्या बाबतीत तिथे एक पेच आहे. मुलगी पुढच्या सप्टेंबरमध्ये सहा पूर्ण करते असं लिहिलंय. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरचा हिशेब धरून तिला जूनमध्ये पहिली मिळाली असती. गुजरातमध्ये २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे इथे तिला बहुतेक एक वर्ष बालवाटिकेत, पहिलीच्या आधीच्या वर्गात, काढावं लागेल. वाईट काही नाही, पण ऐन जूनमध्ये कळलं की घरात भांडण होतं. दुसरं, २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती शिकवावं लागतं, सीबीएसई असली तरी. मुलं सहा महिन्यांत शिकतात, तुम्हाला जास्त वेळ लागेल. समाच्या बाजूला नवरचना आहे, इतरही शाळा आहेत, फॉर्मची धावपळ हिवाळ्यातच सुरू होते. शाळा पक्की झाली की व्हॅन कुठल्या रस्त्याने फिरते ते विचारा आणि त्याच रस्त्यावर घर शोधा. लहान मूल व्हॅनमध्ये २० मिनिटं बसेल की पाऊण तास, हा तुमच्या मंजुसरच्या अर्ध्या तासापेक्षा मोठा प्रश्न आहे.

आत्तापर्यंतचं जुळवून बघितलं तर क्रम असा लागतो: एचआरकडून पिक-अप पॉइंट, मग शाळा आणि तिची व्हॅन, मग या दोन्हींच्या मध्ये पडणाऱ्या सोसायट्या, आणि त्यांतून पाण्याने न गाळलेल्या. भाड्याचा प्रश्न त्यानंतर. १८,००० मध्ये समा-कारेलीबाग बाजूला दोन बेडरूमची घरं बघायला मिळतील. फर्निचर आणि झगमगाट मागाल तर कमी मिळतील.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ११ महिन्यांचा भाडाकरार, डिपॉझिट दोन महिन्यांचं मागतात, कधी तीन. माझ्यासारखीची दलाली किती ते घर बघायच्या आधी ठरवा, आवडल्यानंतर नाही. भाडेकरूची पोलिसांत नोंद मालकाने करायची असते, ती केली का ते बघा. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, आणि पाणी महापालिकेचं की बोअरचं, हे लिहून घ्या. समा-सावली रस्त्याने पुढे वेमाली लागते. ते गाव भायली, सेवासी, बिल यांच्याबरोबर २०२० मध्ये महापालिकेत आलं. अशा नव्या भागांत इमारत चकचकीत आणि ड्रेनेजची लाइन अजून यायची, असं होऊ शकतं. लॉक-इनचं कलम, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट, काढायला लावा. आणि मी माझ्या प्रत्येक करारात एक ओळ घालते: घरात पाणी शिरल्यास भाडेकरू नोटिशीशिवाय घर सोडू शकेल, डिपॉझिट परत. ज्या मालकाच्या घरात पाणी येत नाही तो हसत सही करतो. जो त्या ओळीवर पाऊण तास बोलतो, त्याचं घर सोडा.

विकत घ्यायचं लगेच डोक्यात असेल तर एक पावसाळा थांबा. जानेवारीचा करार नोव्हेंबरपर्यंत जातो, म्हणजे जून ते सप्टेंबर सगळा त्यात येतो. त्या चार महिन्यांत तुम्हाला कुठली गल्ली तुंबते ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. पुढे घ्याल तेव्हा रेराचा नंबर, बीयू परमिशन (इमारत वापरायचा परवाना) आणि टीपी स्कीममधला (नगररचना योजनेतला) प्लॉट हे वकिलाकडून तपासून घ्या. शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा (अशांत क्षेत्रांचा कायदा) लागू आहे, तिथे खरेदीविक्रीला आधी कलेक्टरची परवानगी लागते. टोकन देण्याआधी ती जागा त्यात येते का हे विचारायचं राहून जातं आणि मग महिनोन्‌महिने व्यवहार लटकतो.

तुम्ही शेवटी, जरा संकोचाने, आईंबद्दल लिहिलंय की त्यांना गुजराती येत नाही आणि परक्या गावात त्या कोमेजतील. न्यू समात त्यांना दुपारी बोलायला मराठी शेजारीण मिळेलच असं मी सांगू शकत नाही. कारेलीबागेत शक्यता जास्त, तिथे जुनी मराठी घरं बरीच आहेत. नदीपासून लांबची एखादी सोसायटी, पहिला मजला आणि पिक-अप पॉइंट हे तिन्ही कारेलीबागेत जमलं तर मी समा सोडून तेच घेईन, तुम्हाला गाडीत दहा मिनिटं जास्त लागली तरी. तिथून रिक्षाने रावपुरा, दांडिया बाजार लांब नाही. गणपतीत तर आम्ही सगळे तिकडेच असतो. आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांना एकदा खंडेराव मार्केटला घेऊन जा. तिथल्या भाजीवाल्यांशी माझी आई जन्मभर मराठीतच भाव करत आली. त्या गुजरातीत उत्तर देतात, आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून दोघींचं बरोबर जमतं.